घोरणारा पेशंट

त्या दुपारी मी झोपलो होतो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की झोपलो नव्हतो. हे एकदा लिहून टाकलेलं बरं.

नशेचा डोस जास्त होऊन कुणी बेशुद्ध पडलं तर काय करायचं, हे मी बोईसरच्या आसपास वस्त्यांत काम करणाऱ्यांना शिकवतो. सरावली गावात शिबिर होतं. सकाळी मी कळकळीने सांगितलं होतं, की हाका मारून माणूस उठत नसेल आणि घशातून घरघर येत असेल तर ‘झोपलाय बिचारा’ म्हणून पुढे जाऊ नका. छातीच्या हाडावर मूठ चोळा, रुग्णवाहिका बोलवा, मांडीत नशेचा असर उतरवणारं इंजेक्शन द्या, कुशीवर वळवा.

जेवणात सातपाटीच्या मावशींनी आणलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. मावशी सकाळी मासळी विकतात, दुपारनंतर आमच्याबरोबर फिरतात. मी पोटापेक्षा जास्त जेवलो. मग सरावासाठी पेशंट म्हणून पंख्याखाली सतरंजीवर आडवा झालो. डोळे मिटले आणि पुढचं मला आठवत नाही. माझं घोरणं कसलं आहे, ते घरच्यांना विचारा.

जाग आली तेव्हा छातीचं हाड पेटलं होतं. मावशींनी मला कुशीवर लोटून पाठीला गुडघा लावला होता. एकेकाळी स्वतः नशेत बुडालेला आमचा एक कार्यकर्ता माझ्या मांडीवर सुई रोखून बसला होता. आणि दारात मावशींनी बोलावलेली खरी रुग्णवाहिका.

तिचा ड्रायव्हरही माझ्याकडे बघत होता. मला इतकी लाज वाटली की मी म्हणालो, मी जागाच होतो, तुमची परीक्षा घेत होतो. वर मावशींनाच झापलं, रुग्णवाहिका म्हणजे काय रिक्षा आहे? बाकीचे त्यांना संध्याकाळपर्यंत चिडवत राहिले.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. “भाऊ, पाम गावच्या रस्त्याला एक कामगार पडलाय. उठत नाय, घरघर करतो. इंजेक्शन दिला. गाडी बोलवू, का याचा पण नाटकच हाय?”

आत्ता बोलवा, म्हणून मी ओरडलो.

तो वाचला. शुद्धीवर आल्यावर नशा उतरवली म्हणून मावशींवरच चिडला. पण त्याचा श्वास अडकलेला असताना मावशी माझी परवानगी मागत होत्या, हे माझ्या डोक्यातून जाईना.

पुढच्या शिबिरात मी उभा राहिलो. सगळे वह्या उघडून बसले होते.

“मावशी, त्या दिवशी मी नाटक करत नव्हतो. गाढ झोपलो होतो आणि लाजेपायी तुमच्यावर उलटलो. तुम्ही केलंत ते बरोबर होतं. मला माफ करा. आणि यापुढे गाडी बोलवायला मला विचारू नका.”