सतरा क्लबांचे सेक्रेटरी

सेक्रेटरींना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, मनगट राहत असे. रस्त्यात कोणी राम राम घातला की ते आधी त्याचा हात हातात घेत, उलटासुलटा करून बघत, आणि मग ओळख पटे. "अरे, तू गोरेगावचा राइट हाफ ना! लगन झालं का नाही अजून?" एकदा त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले. मुलगा मॅट्रिक पास, घरी धान भरपूर, सगळे खूश. सेक्रेटरींनी मुलाचं मनगट दाबून पाहिलं आणि भर बैठकीत जाहीर केलं, "पोरगा चांगला आहे जी. पन याच्या हाताले हॉकीची स्टिक नाही शोभत." पाहुणे घाबरले. मुलात काही खोट निघाली असं त्यांना वाटलं. लग्न झालं, पण जावई पुढे कित्येक वर्षं सेक्रेटरींसमोर हात उपरण्यात लपवून बसे.

पोटासाठी ते गोंदियातल्या एका धानाच्या गिरणीत मिस्त्री होते. पट्ट्यांच्या धडधडाटात उभं आयुष्य गेल्यामुळे ते कुठेही गेले तरी गिरणी चालूच आहे अशा आवाजात बोलत. संघाची निवड ते "गुपित" ठेवत. एखाद्याला बाजूला घेऊन कानात सांगत, आणि तळ्याच्या पलीकडे कपडे धुणाऱ्या बाया म्हणत, "आयकलं का वो, लक्ष्मनले काढलं!"

आमच्या भागातल्या हॉकी संघटनेचे ते सेक्रेटरी. अध्यक्ष म्हणून एक माजी मालगुजार, जुने जमीनदार, होते; ते हार घालून घ्यायला येत. बाकी पंच, प्रशिक्षक, चुन्याच्या रेघा मारणारा, वाकड्या फांद्या हेरून त्यांच्या स्टिक घडवणारा, सगळं एकच माणूस. त्यांचं खरं नाव घेणारं कोणी उरलंच नव्हतं. बायकोसुद्धा दारातून हाक मारायची, "सेक्रेटरी, भात थंडा होऊन राहिला!" मी तेव्हा एका वकिलाकडे टायपिस्ट होतो. खेळता मला कधीच आलं नाही. माझं मनगट पाहून ते म्हणाले होते, "तू लेखी कामाले ये."

देशाच्या हॉकी संघटनेचा वार्षिक अहवाल नागपूरच्या एका रेल्वे साहेबाच्या हातून जुना होऊन त्यांच्याकडे येई. तो आला की रविवारी फुलचूर गावच्या मोहाच्या झाडाखाली वाचन. विडी वळणारे, गिरणीतले हमाल, धानाच्या बांधीतून आलेले पोवार शेतकऱ्यांचे पोरगे असे वीस-बावीस जण गोल करून बसत. सेक्रेटरी एकेका इंग्रजी वाक्यावर बोट ठेवून, ते मनात फोडून, आमच्या बोलीत ओतत.

"यंदा देशानं लय तरक्की केली. विलायतेच्या लोकायले हरवलं. नवे क्लब निंघाले, नवी मैदानं झाली."

"अना आपन कुठी हाओ त्याच्यात?" एक जण विचारी.

"आपन देशात आहोत ना बाप्पा?"

"मंग नाव काऊन नाही?"

"येईल ना! धान का पेरल्या दिवशी कापतो तू?"

त्या अहवालात आमच्याबद्दल एक ओळ यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ती कुठे येईल तेही त्यांनी ठरवलं होतं. अहवालातल्या दोन जिल्ह्यांच्या नोंदींमधल्या कोऱ्या जागेत त्यांनी शिसपेन्सिलीने एक बारीक टिंब काढून ठेवलं होतं.

आमचे सामने मंडईला होत. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव एकेका दिवशी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी माहेरी येतात, जिलबी तळली जाते, रात्री दंडारीचं नाचगाण्याचं नाटक होतं. सेक्रेटरींनी दिवसाची रिकामी वेळ हेरली आणि प्रत्येक मंडईत हॉकी घुसवली. लवकर येणाऱ्या हलक्या धानाची बांधी कापून मोकळी झालेली असे, तेच मैदान. धुऱ्याबाहेर, म्हणजे शेताच्या बांधाबाहेर, चेंडू गेला की आउट. पण गावाचा एक हट्ट असे. मंडई आमची, तर टीम आमच्या नावाची पाहिजे! मग आमचेच अकरा जण आज गोंदियाजवळच्या गोरेगावचे, उद्या फुलचूरचे, परवा आणखी कुठले होऊन खेळत, आणि समोर नेहमीचेच दुसऱ्या क्लबचे अकरा. गावकरी आपल्या टीमला जीव तोडून ओरडत. कालच्या मंडईत हेच पोट्टे दुसऱ्या गावाचे होते, हे सगळ्यांना माहीत असे. कोणालाच त्याचं काही वाटत नसे.

या बावीसांत एक सुखराम होता. सालेकशाच्या बाजूचा, कचारगडाच्या पायथ्याजवळचा गोंड जवान. धानाच्या धसकटांत सगळ्यांचा चेंडू अडे, सुखराम तो स्टिकच्या टोकावर जरासा उचलून धसकटांच्या वरून नेई. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. सेक्रेटरी पंच असूनही शिट्टी वाजवायची विसरून ओरडत, "वा रे माह्या वाघा!" आणि समोरचे अकरा भांडत, "पंच कोनाचा आहे जी?" सेक्रेटरींचं एकच म्हणणं होतं: ओळ छापून येवो ना येवो, पण हा पोरगा एकदा नागपूरच्या निवड चाचणीत उभा राहिला पाहिजे. आणि त्यासाठी वरच्यांना आमचा भाग आहे हे कळलं पाहिजे.

आता जे सांगायचं आहे, ते मी आजवर घरात बोललो नाही.

दरवर्षी देशाच्या संघटनेला पाठवायचा आमच्या भागाचा अहवाल सेक्रेटरी मला तोंडी सांगत, मी तो इंग्रजीत टाइप करी, ते सही करीत. वाचत नसत. "तू टाइप केलं म्हनजे झालं." त्या वर्षी त्यांनी सांगितलं, "क्लब, दोन. खेळाडू, बावीस. ज्यायच्यापाशी खरी स्टिक आहे असे, नऊ." मी वकिलाच्या ऑफिसात एकटा बसून 'क्लब' हा शब्द उमटवला आणि त्याच्यापुढे 'दोन' लिहायला बोट उचलेना. कागदावर ते फार दरिद्री दिसत होतं. तीन वर्षं आमच्या अहवालाला साधी पोचही आली नव्हती. मी मनात मंडया मोजल्या. त्या सतरा भरल्या. प्रत्येक गाव टीमला आपली म्हणतंच, मग खोटं काय त्यात? मी 'सतरा' टाइप केलं. खेळाडूंचा आकडाही त्याला शोभेल असा वाढवला. त्यांनी सही केली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा फार हुशार असल्यासारखं वाटलं.

उत्तर आलं! तुमच्या भागातील वर्षभराची वाढ पाहून समाधान वाटलं, आमचे निरीक्षक येतील, त्यांची खात्री पटल्यास पुढच्या अहवालात उल्लेख होईल आणि एका खेळाडूला चाचणीला बोलावू. सेक्रेटरींनी ते पत्र गिरणीत वाचून दाखवलं, मालकाला, हमालांना, धान घेऊन आलेल्या गाडीवानांनाही. सुखरामला ते म्हणाले, "आता तू मंडईची जिलबी खाऊ नोको. पोट जड होते." बिचाऱ्याने त्या वर्षी खरंच खाल्ली नाही.

निरीक्षक गोरेगावच्या मंडईला आले. गोरे, उंच, हिंदीत बोलणारे, सज्जन गृहस्थ. त्या दिवशी सुखराम जसा खेळला तसा मी पुन्हा कोणाला खेळताना पाहिला नाही. साहेब खुर्चीवरून उठून धुऱ्यावर जाऊन उभे राहिले. त्यांनी डायरीत त्याचं नाव लिहून घेतलं. खेळ संपल्यावर त्यांनी सहज विचारलं, "बाकी के पंद्रह क्लब कब दिखाएंगे?"

"कौनसे पंद्रह जी?" सेक्रेटरी हसले. "क्लब तो दोही है."

साहेबांनी बॅगेतून माझा टाइप केलेला कागद काढला. सेक्रेटरींनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी चुन्याची रेघ बघत होतो. त्या माणसाला मी त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं.

"सही माहीच आहे," ते म्हणाले. "मीच सांगितलं असंन."

साहेबांनी डायरी मिटली. मग म्हणाले, लडका बहुत अच्छा है, पण जिथला आकडा खोटा निघाला तिथलं नाव मी पुढे केलं तर लोक नावालाही खोटं म्हणतील. ते संध्याकाळच्या गाडीने गेले. उल्लेख आला नाही, बोलावणं आलं नाही. सेक्रेटरींनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "चूक माही झाली." पुढच्या वर्षी सुखरामचा थोरला भाऊ वारला, घराचा भार त्याच्यावर आला, लग्न झालं, आणि खेळ मंडईपुरता उरला.

मला वाटलं होतं, सेक्रेटरींना कळलं आहे आणि ते मला वाचवत आहेत. तसं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरंच वाटत होतं की मंडईच्या उत्साहात आपणच 'सतरा' बोलून गेलो. माझ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी आपल्या डोक्यावर संशय घेतला.

त्यानंतर त्यांच्या खिशात चिठ्ठ्या आल्या. सकाळी काय म्हटलं, दुपारी काय म्हटलं, सगळं लिहून ठेवायचे. बायकोला विचारायचे, "मी वांगे आनतो म्हटलं होतं का टमाटर?" ती म्हणे, "टमाटरच म्हटलं होतं ना जी, अना आनलेही टमाटरच!" आम्ही सगळे हसत असू. मीही हसत असे. मग एका मंडईला त्यांनी शिट्टी माझ्या हातात ठेवली. "गोल मोजाले चुकलो तं? तू मोज. तुह्यं डोकं पक्कं आहे." ज्याने त्यांना फसवलं त्याच्यावरच त्यांचा सगळा भरवसा बसला होता. त्या दिवशी मी गोल बरोबर मोजले. माझ्या आयुष्यात इतकं अवघड काम मी दुसरं केलं नाही.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी ते गिरणी सोडून राजनांदगावला मुलीकडे राहायला निघाले. गोंदिया स्टेशनावर अर्धं फुलचूर आलं होतं. ते खिडकीशी, बाजूला बायको, मांडीवर स्टिकांचं गाठोडं. मी खिडकीपाशी जाऊन म्हणालो, "सेक्रेटरीजी, तुम्ही दोनच म्हटलं होतं. सतरा मी टाइप केले."

"काय?" ते ओरडले. गिरणीने त्यांचे कान खाल्ले होते, त्यात इंजिनाची वाफ.

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा "काय?" शेवटी जे मी पाच वर्षं कुजबुजायलाही धजलो नव्हतो ते मला फलाटावर उभं राहून बोंबलून सांगावं लागलं. चहावालासुद्धा वळून बघू लागला.

सेक्रेटरी असे हसले की गाठोडं मांडीवरून घसरलं. "आयकलं का वो!" त्यांनी बायकोला हलवलं. "माह्यं डोकं शाबूत आहे! दोनच म्हटलं होतं मी! दोन!" ती हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. शिट्टी झाली, गाडी हलली. तेव्हा त्यांचं हसू थांबलं आणि त्यांनी खिडकीतून वाकून विचारलं, "सुखरामले सांगितलं?"

"नाही."

"सांग."

त्यानंतर दर दिवाळीला राजनांदगावहून एक कार्ड येई. वर क्षेम-कुशल, इथली पोरं कशी खेळतात, कोणाचं मनगट कसं आहे. खाली एक ओळ: सुखरामला सांगितलं का? मी उत्तरात बाकी सगळं लिहीत असे.

गेल्या दिवाळीला त्यांचं कार्ड आलं नाही. त्यांच्या मुलीचं आलं, बाबा गेल्याचं. ते वाचून मी पिशवी उचलली आणि सालेकशाची गाडी धरली.

सुखराम खळ्यावर होता. केस पिकले आहेत, पण चाल तीच. बायको बाजूला सुपाने धान उडवत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोन, सतरा, टाइपरायटर, साहेबांची डायरी, त्यात लिहिलेलं त्याचं नाव. माझं संपल्यावर त्याने हातातली काठी खाली ठेवली.

"म्हनजे साहेब माहा खेर पाहून वापस नाही गेला?"

"नाही. तुझा खेळ पाहून तर तो खुर्चीवरून उठला होता."

"सेक्रेटरी म्हने, चूक माही. मले वाटे, माहं मन राखून रायले." तो धानाच्या राशीकडे बघत होता. "इतके वर्स मले वाटे, मीच त्या दिवसी बराबर खेरलो नाही." मग एकदम मान वर करून त्याने बायकोला हाक मारली. "अवो! आयकलं का? मी चांगला खेरत होतो म्हनते!"

तिने सूप थांबवलं नाही. "मंग? मी कायले केलं तुमच्यासंगं लगन?"

तो हसला. गोरेगावच्या मंडईतलं हसू. ती दोघं पुन्हा कामाला लागली. मला कोणी बस म्हटलं नाही, आणि मीही बसलो नाही.