कानबाईचा फोटू

पारोळ्याजवळच्या त्या खेड्यात भागाबाईला खोटं बोलताना कुणी कधी पकडलं नव्हतं. पण संशयाला एवढं कुठे पुरतं? सासू गेली आणि तिची सोन्याची पोत दिसेना. म्हातारीचं हागणं-मुतणं भागाबाईने काढलं, तेव्हा पोतही तिनेच लांबवली, असं तिच्या दिराचं, सुकदेवचं, सरळ गणित!

त्याने कोठ्या रिकाम्या करायला लावल्या, गोधड्या उसवल्या. उरला देव्हाऱ्यातला नारळ. आजेसासूच्या काळापासून हाच नारळ दर श्रावणात नथ-डोळे लेवून कानबाई म्हणून बसे, आणि तिला सांभाळायचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे भागाबाईचा. सुकदेवने तो हलवला. आत काहीतरी वाजलं.

"आठेच शे!" तो ओरडला. "पोत निंघनी ते कानबाई मना घर." म्हणजे पोत इथेच, आणि ती निघाली तर कानबाईचा मान त्याच्या घरी!

"मंग फोड की," भागाबाई म्हणाली.

"कानबाईले कोनी फोडस का?"

नारळावर हात टाकायची छाती कुणालाच झाली नाही. शेवटी धुळ्याला नेऊन एक्स-रे काढायचं ठरलं.

बसमध्ये भागाबाई नारळ पदराखाली घेऊन बसली. सुकदेव मागच्या बाकावरून तिच्या हातांवर डोळा ठेवून. तिच्या मनात भलतंच येऊ लागलं. आत खरंच काही निघालं तर? म्हातारीनेच कधी काही करून ठेवलं असलं तर? आपल्याच देवाचा आपल्याला संशय यावा, याचा तिला संताप आला.

नवल नावाचा एक्स-रेवाला आधी हसला. मग नारळावरचं कुंकू बघून त्याने चपला काढल्या. थोड्या वेळाने पडद्यावर करवंटीची गोल कड उमटली, आत आक्रसलेला फिकट गोळा.

"सोनं असतं तर पांढरंफटक दिसलं असतं," नवल म्हणाला. "खोबरं सुकून सुटलंय, तेच वाजतंय."

भागाबाईला रडूच फुटलं. सुकदेव पडद्याला नाक लावून बघत राहिला.

"मंग दुसरीकडे दपाडी व्हई," तो म्हणाला.

दपाडी, म्हणजे लपवली! भागाबाईने डोळे पुसले, नारळ उचलून पदरात घेतला आणि स्वतःच एक्स-रेच्या टेबलावर चढून बसली. "नवलभाऊ, मना बी फोटू काढा. पोटमा शे का ते दखू द्या याले."

तिला वाटलं, आता तरी हा माणूस शरमेल.

सुकदेव नवलकडे वळला. "पोटमा व्हई ते दखाई का?" त्याने विचारलं.