नुसता आकडा चालणार नाही

गेल्या जूनच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी चारच्या बॅचला, पलासियातल्या एका कोचिंग क्लासनं माझ्या आत्यावर अन्याय केला. स्पष्टच लिहितो : तिला फळ्यापासून हटवलं. गुन्हा काय, तर तिनं एकक मागितलं. रसायनशास्त्राची गणितं शिकवणारी आमची आत्या म्हणजे जगातल्या सगळ्या एककांची पहारेकरी. आकडा एकटा दिसला की ती त्याला गेटवरच अडवते. आजोबा महूला फौजेत होते, त्यांचंच रक्त.

बाहेरही कुणाची सुटका नाही. सियागंजच्या बाजारात हळद घेताना दुकानदार म्हणाला, "बहनजी, आधा दूँ?" तर हिचा सवाल, आधा काय? किलो, की आधं दुकान? मागची गिऱ्हाईकं खोळंबली, आत्या ढिम्म. 'पाच मिनट में आया' म्हणून दुसऱ्या दिवशी उगवणाऱ्या प्लंबरवर मात्र तिचा जीव, कारण खोटं बोलला तरी तो एकक देतो. नाश्त्याला शेव कमी पडली की ती सुरू होते : पोहे परातभर असोत, शेवेचे पोहे शेव असेल तेवढ्याच बश्या होणार, जे आधी संपतं, तेच सगळ्याचं माप ठरवतं. अभिक्रियेची गणितं मी अशी शेवेवर शिकलो, आणि आजतागायत विसरलो नाही.

तर तो अन्याय. आदल्या आठवड्यात एका मुलीनं कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची मोलॅरिटी, म्हणजे लिटरमागे किती मोल, ते काढलं. उत्तर लिहिलं, एक. आकडा बरोबर होता. "एक काय, बेटा? कचोरी?" म्हणत आत्यानं शून्य दिलं. मुलीचे वडील मालकाकडे गेले : परीक्षेत चार पर्याय असतात, एकक कोण बघतो? मालकानं मान डोलावली आणि त्या मंगळवारी भरल्या वर्गात येऊन सांगितलं की, मॅडम, आता इथं ट्रिकवाले सर शिकवतील. आत्यानं हातातला खडू पर्समध्ये टाकला आणि घरी आली.

मी पेटलो. 'प्रचंड अन्याय, असह्य अपमान' असं पत्रक छापून गठ्ठाच तिच्या टेबलावर आपटला. तिनं लाल पेन काढलं. "काय लीडर, प्रचंड म्हणजे किती? आणि मोजलास कशात?" पत्रकं तिथंच पडली. आणि ही बाई रोज चार वाजता इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन, व्हरांड्यात येऊन बसू लागली. मला ते बघवत नव्हतं.

मग एका दुपारी फाटक वाजलं. तीच शून्यवाली मुलगी. सरांच्या ट्रिकनं तिनं तसलंच गणित सोडवलं होतं, मिलिलिटरचं लिटर करायचं राहिलं, आणि उत्तर हजारपटीनं चुकलं. वर ते चुकलेलं उत्तर पर्यायांत व्यवस्थित छापलेलं. 'मी सांगत नव्हते?' असं आत्या म्हणाली नाही. "बैस. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं एकक लिही, मग वरचं-खालचं काट. जे उरेल ते तुझं."

कच्च्या कामाला कागद हवा, म्हणून तिनं माझी पत्रकं उलटी करून दिली. मुलीनं मैत्रिणी आणल्या. गणितं घरोघर गेली, आईबापांनी कागद उलटला, आणि माझं पत्रक, लाल दुरुस्त्यांसकट, अखेर वाचलं गेलं. आता व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसते. मुलीला स्कूटरवर सोडायला ते तक्रारवाले वडील स्वतः येतात आणि "मॅडमजी, पाऊण तासानं नेतो," असं एककासकट सांगून जातात.

फक्त फळा नाही. आत्या भिंतीवर लिहिते. ओल्या फडक्यानं पुसलं की रंग निघतो. जुन्या वर्गाचा विषय निघाला तर ती त्या दिवशीचा खडू पर्समधून काढून नुसता बोटांत फिरवते.

म्हणून वाचकहो, सहानुभूती घरी ठेवा. तुमच्या माळ्यावर, गच्चीवर जुना फळा पडला असेल तर तो याच आठवड्यात तुकोगंजला आमच्या घरी आणून द्या. आधी लांबी-रुंदी कळवा. आणि आकड्यापुढे फूट लिहा, नाहीतर आत्या फाटकातूनच परत पाठवेल.