दशांशानंतरचे आकडे

चाळीसगावच्या संगणक केंद्रात मी याद्या छापायला गेले होते. शेजारच्या संगणकावर एक आबा बायकोच्या किडनीचे रिपोर्ट तारखेवार एक्सेलमध्ये भरून, आलेखातल्या वक्ररेषेचं समीकरण वहीत उतरवत होते. डायलिसिस कधी लागेल, ते त्यांना काढायचं होतं. उत्तर आलं दोन वर्षं. हसून त्यांनी रुमालाने स्क्रीन पुसला.

मला चूक दिसली की राहवत नाही. "आबा, आलेखावर समीकरणातले सहगुणक दशांश कापून, गोल करून दाखवतात," म्हणत मी सूत्र टाकून दशांशानंतरचे सगळे आकडे काढून दिले. त्यांनी पुन्हा गणित मांडलं. उत्तर आलं चार महिने.

"पहिला आकडाच बरा व्हता, ताई. घर तोच सांगसू."

नव्या गणिताचं पान वहीतून फाडून त्यांनी माझ्या हातात दिलं. माझ्या याद्यांत ते अजून आहे. चार महिने केव्हाच उलटून गेलेत.