विनंती म्हणा, ताई

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले आठवड्याने येणारे पाणीही आटले. पाणीपुरवठा कार्यालयाच्या खिडकीत बसणारे एक गृहस्थ मला तेव्हापासून दर सोमवारी भेटू लागले. अंगाला हिना अत्तराचा मंद वास, बोटांना जांभळी शाई, आवाज खडीसाखरेसारखा. टँकरसाठीच्या माझ्या अर्जावरचा ‘तक्रार’ हा शब्द ते हळुवार खोडत आणि वर ‘विनंती’ लिहीत.

“तक्रार लई कडू शब्द हाय, ताई. साहेबांचं मन खट्टू होतं. विनंतीनं काम लवकर व्हतंय.”

मला ते सौजन्य वाटे. तीन अर्ज गेले. टँकर मात्र शेजारच्या नव्या वसाहतीकडेच वळत राहिला. चौथ्या सोमवारी मी थेट साहेबांना गाठले. त्यांनी तक्रारवही समोर ठेवली.

“तक्रारी बघूनच टँकर पाठवतो आम्ही, मॅडम. तुमच्या गल्लीची एकही नाही.”

आमच्या गल्लीचे पान खरोखरच कोरे होते.

मी खिडकीशी परतले आणि नवा अर्ज लिहून आत सरकवला. ‘तक्रार’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या. या वेळी त्यांनी काहीच खोडले नाही. अर्जावरचा माझा पत्ता सावकाश वाचला, चष्मा काढला आणि त्याच गोड आवाजात विचारले,

“घरी कोन कोन असतं, ताई?”