आठव्या पोराचं गुणपत्रक

बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची नोकरी मला हवी होती. मुलाखत घेणारे सर पुण्याहून पास्कल ही कॉम्प्युटरची भाषा शिकून आलेले. त्यांनी फळ्यावर फॉक्सप्रो या दुसऱ्या भाषेतला प्रोग्रॅम लिहिला. एन म्हणजे दहा. मग एका प्रोसिजरला, म्हणजे आतल्या छोट्या प्रोग्रॅमला, बोलावलं, तिनं एनमध्ये पाच भरले. परत आल्यावर एन किती?

"पाच," मी म्हणाले.

"दहा! प्रोसिजरचा एन तिचा स्वतःचा."

पास्कलमध्ये तो वेगळा जाहीर केला असेल तर खरं आहे ते. तिथं नाव कुठं लिहिलंय ते बघतात. फॉक्सप्रोत कुणी बोलावलं ते बघतात. 'हा माझा' असं प्रोसिजरनं आधी सांगितलं नाही, तर ती बोलावणाऱ्याच्याच एनला हात घालते. आमच्या गावी लासुर्ण्यात 'आबांना विचार' म्हटलं, की ज्याच्या ओसरीवर उभे आहात त्याचे आबा, तसं. मशीनवर बघू म्हटलं, तर सर मुलाखतीला आलेल्या सगळ्यांसमोर हसले. "तू आपली टायपिंगच कर." आणि खरंच टायपिंगला ठेवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी कीबोर्डपुढं बसले.

पुढं इंदापूरच्या एका शाळेचं गुणपत्रकांचं काम आलं. प्रोग्रॅम सरांचा. मार्क भरता भरता मी तो वाचला. मुलं मोजायला एन, आणि आतल्या प्रोसिजरमध्ये सहा विषय मोजायलाही एनच, तोही 'हा माझा' न सांगता! त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले. सरांना मात्र काही सांगितलं नाही.

शाळेत हेडमास्तर आणि सगळे शिक्षक बघायला जमले. प्रिंटरवर पहिल्या मुलाचं गुणपत्रक निघालं. सहा विषय संपवून एन सातावर थांबलेला, त्यात पुढच्या मुलासाठी एक मिळवला, म्हणून आला आठवा मुलगा. त्याच्या विषयांनी एन परत सातावर आणला, मग पुन्हा आठवा. पुन्हा आठवाच.

"सर, ह्ये एकच पोरगं कितींदा नापास करताय?" हेडमास्तरांनी विचारलं.

सर माझ्याजवळ वाकून पुटपुटले, "बघ की जरा."

"बघते. आधी सांगा, त्या दिवशी माझं उत्तर बरोबर होतं."

"होतं बाई, होतं."

"मोठ्यानं, सर. प्रिंटर वाजतोय. हेडमास्तरांना ऐकू गेलं पाहिजे."

कागदाचा ढीग त्यांच्या बुटांपर्यंत आला, तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले. मी प्रोसिजरमध्ये 'हा एन माझा' अशा अर्थाची एक ओळ टाकली, गुणपत्रकं रांगेनं निघाली. परतीच्या एसटीत त्यांनी मला शिकवायची बॅच देऊ केली. मी ती घेतली, आणि आभार मानले नाहीत.