चुलवणापाशी आलेली हाक
गूळ करपल्याचा वास आला की पाटसकडचं आमचं गुऱ्हाळ आठवतं. मी खाली चुलवणात, म्हंजी भट्टीत, उसाची चिपाडं टाकायचो, तिथनं वर रस उकळायची काहील दिसायची न्हाई. बायको वरनं सांगायची, "अहो, फेस चढला, जाळ कमी करा." एकदा इंजिनिअरिंगच्या कंट्रोल सिस्टीमच्या पेपरात नापास झालेली नात, कॉलेज सोडते म्हणत तिथंच बसलेली. त्या दिवशी हाक उशिरा आली, रस उतू गेला. मी खेकसलो, "झोपली व्हतीस का?" नात मात्र पुस्तक उघडून म्हणाली, "आबा, आजीची हाक म्हणजेच फीडबॅक. उशिरा पोचला की असं होतं." पुढं ती पास झाली. आज गुळाचा चहा डोळ्यांदेखत उतू गेला, आन् मी गॅसपाशी उभा राहून आता नसलेल्या बायकोच्या हाकेची वाट बघत होतो.